साडेसातची हजेरी

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय नव्हती. गच्ची ह्यांच्या एरियलची. एकदा मी त्या तारेवर ओली चादर टाकली, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जगाशी मात्र बोलत होते.

ह्यांना छंद हॅम रेडिओचा, घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा. एक्क्याण्णव साली सरकारी परीक्षा देऊन परवाना काढला, आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला आमच्या मखमलाबादच्या घरात हे माईक घेऊन बसायचे. त्या वेळी चार जिल्ह्यांतली अशीच मंडळी रेडिओवर जमायची. कळवणचे नाथा गुरुजी हजेरी घ्यायचे. मग गप्पा: तुमचा आवाज आमच्याकडे कसा पोचतोय, आमचा तुमच्याकडे कसा. बारा वर्षं हेच. मी म्हणायचे, एवढी खटपट करून आवाज पोचवताच आहात, तर त्यातून काही सांगा तरी.

मालेगावचा भिकन ह्यांचा जिवलग. दोघं कधी भेटले नव्हते. भिकनचा रेडिओ त्याच्या यंत्रमागांच्या शेजारच्या खोलीत होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यामागे कायम खटाखट चाललेली असायची.

"अरे, माग बंद करून बोल की," हे म्हणायचे.

"धंदा शे भाऊ. तरी बी तुना आवाज ऐकू येस," तो म्हणायचा.

दोन हजार तीनच्या जानेवारीत ह्यांचा घसा बसला तो सुटेचना. गाठ निघाली. जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांचा चेहरा पार उतरला. त्या माईकचा मी बारा वर्षं राग केला होता, त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस रोज सकाळी साडेसातला आता करणार काय?

"रेडिओवर कोणाला कळवू नकोस," एवढं मात्र बजावून गेले.

ऑपरेशन होऊन तिसऱ्या दिवशी मी डबा करायला घरी आले होते. साडेसात वाजले. रेडिओ लावला, नुसता ऐकायला. गुरुजींनी ह्यांचं नाव तीनदा पुकारलं. थांबले. पुन्हा पुकारलं. मला राहवलं नाही. माईकचं बटण दाबलं.

"मी साधना. यादवरावांची मिसेस. ते दवाखान्यात आहेत. घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज येईल की नाही, कोणी सांगत नाही."

बटण सोडलं. नुसती खरखर. कोणी ब्र काढीना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ह्यांचं डोकं खाल्लंत, आणि आता एक शब्द नाही तुमच्याकडे?

शेवटी गुरुजी बोलले, पण माझ्याशी नाही.

"भिकन, तुम्हाला मधे काही ऐकू आलं?"

"नही गुरुजी. काहीच नही."

"मलाही नाही. बिनपरवान्याचं कोणी बोललंच असतं, तर आपल्याला उत्तर देता आलं नसतं. नियम आहे." गुरुजी खाकरले. "बरं, सहज विचारतो. एखाद्याचा आवाज गेला, तर त्याने काय करावं?"

मागांची खटाखट ऐकू आली, मग भिकन. "आवाज गया ते गया. हात शे ना? परीक्षेले मोर्स शिकना ना तो? टकटक करी बोल म्हना. आम्ही शेतस आठे."

मी माईक हातात धरून रडले. बटण न दाबता.

दवाखान्यात जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'परवाना जाईल माझा. अक्कल आहे का?'

"कोणी ऐकलंच नाही मला," मी म्हटलं, आणि भिकनचा निरोप सांगितला.

पाटी पुसली. बाजूला ठेवली. थोड्या वेळाने ह्यांचं बोट खाटेच्या दांडीवर वाजू लागलं. अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं.

आवाज परत आला तो कुजबुजीपुरता. घरी आल्यावर महिनाभर ताटावर, वाटीवर, माझ्या मिसळणाच्या डब्यावर टकटक चालली. माझं डोकं उठायचं, पण मी एका शब्दाने बोलले नाही. माझ्या हातून असं पहिल्यांदाच घडत होतं.

मार्चमधल्या एका सकाळी ह्यांनी रेडिओला मोर्सचं बटण जोडलं. गुरुजींनी नाव पुकारलं. ह्यांनी सावकाश टकटक पुरी केली.

"यादवराव, फार बारीक येतंय. मला नीट लागलं नाही," गुरुजी म्हणाले. ह्यांची मान खाली गेली. "भिकन, तुम्हाला?"

"माले सगळं समजनं गुरुजी. नाव सांगं, गाव सांगं, आन चहा व्हयना का म्हनी ईचारी राहिना तो. व्हयना भाऊ. तुना व्हयना का?"

मला वाटलं, आमचा रेडिओच बिघडला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ह्यांच्याकडे बघितलं तर ह्यांचे डोळे वाहत होते, आणि मग माझ्याही ध्यानात आलं. भिकन बोलत होता आणि त्याच्या मागे काहीच वाजत नव्हतं. ह्यांची टकटक ऐकू यावी म्हणून त्याने माग बंद ठेवले होते.