भुंग्याला मोठं इंजिन

शालनला जाऊन येत्या चौदा तारखेला वर्ष होणार होतं, आणि त्याआधी मला भुंग्याला मोठं इंजिन बसवायचं होतं.

भुंगा म्हणजे आमची जुनी बीटल. नाव शालनने ठेवलेलं. तीस वर्षांपूर्वी खडकीच्या एका निवृत्त कर्नलकडून घेतली. इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटर नाही, पाणी नाही, सगळं हवेवर थंड होणार. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही चऱ्होलीहून भंडारा डोंगरावर जायचो. गेली चौदा वर्षं शेवटच्या चढाला भुंगा मान टाकायचा. मग शालन उतरायची. गाडी मागे घसरली तर चाकाला लावायला एक दगड तिच्या पायाशी ठेवलेला असायचा. तो हातात घेऊन ती चालत वर यायची. मी वर पोचून दहा मिनिटं वाट बघायचो. आल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"कंपनीत इंजिनं तुम्हीच जोडता ना?"

"पुढच्या वर्षी तुला उतरू देणार नाही," मी म्हणायचो. चौदा वेळा म्हणालो.

रिंगा दोनदा बदलल्या. कार्बोरेटर किती वेळा खोलला त्याची मोजदाद नाही. मागे उभं राहून हाताने केबल ओढली की इंजिन वाघ. रस्त्यावर आलं की शेळी. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात मी लागू दिला नाही. शालन तेवढी आतल्या मॅट्स धुवायची. ते काम ती मला करू देत नसे.

आता ती नव्हती, पण दिलेला शब्द होता. तिच्या वर्षाच्या दिवशी न थांबता वर जायचं, असं मी ठरवलं.

मुलगी अपेक्षा चाकणला इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, ऐंशी हजारांच्या वर एक रुपया गेला तर मी भुंगा भंगारात देईन."

सल्ल्याला धर्माजी होता. एकतीस वर्षं आम्ही एकाच कंपनीत काढली. मी इंजिन असेंब्लीला, तो मेंटेनन्सला वेल्डर. आमच्या कंपनीत तीन कोटेशनं आल्याशिवाय परचेसवाले साधा नट घेत नसत. ती सवय गेलेली नाही. मी तीन कोटेशनं कागदावर मांडली आणि त्याला चहाला बोलावलं.

"पहिलं," मी म्हणालो, "आपलंच बाराशे सीसीचं इंजिन, पण सिलिंडर-पिस्टन मोठे. बासष्ट हजार."

"तापंल. हवेवरचं इंजिन हाय ते."

"दुसरं. कोल्हापूरच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं सोळाशेचं इंजिन. बसवून पंचाहत्तर."

"म्हंजी दुसऱ्याच्या घरचं म्हातारं आनून आपन सांभाळायचं व्हय?"

"तिसरं अपेक्षाचं. इलेक्ट्रिक मोटर. साडेतीन लाखांपासून पुढे."

"न्हाई परवडत. आन् आवाजबी न्हाई. मिक्सरसुदिक त्याच्यापेक्षा बोलतो."

"मग काय करू?"

"काय करू नगं."

असं म्हणून तो बशीत बघत राहिला. दुसऱ्याचे पैसे वाचवायचा धर्माजीचा स्वभाव नाही. माझ्या घराला तिसरा मजला चढवायला त्यानेच भरीला घातलं होतं. मला जरा नवल वाटलं, पण मी दुसऱ्या कोटेशनवर टिक केली.

चाकणला गणराज म्हणून एक गॅरेजवाला पोरगा आहे, जुन्या गाड्यांतला जाणकार. कोल्हापूरचं इंजिन त्याच्याकडेच यायचं होतं. गुरुवारी आम्ही भुंगा त्याच्या दारात उभा केला. वाटेत धर्माजीचा गुडघा दोनदा दुखला, आणि दोन्ही वेळा तो घरी परत चल म्हणाला.

"काका, खोलायच्या आधी एक चक्कर मारतो," गणराज म्हणाला.

"कशाला? तीस वर्षं मी चालवतोय."

"म्हणूनच."

चक्कर मारून आला. उतरला नाही. बसल्या जागी वाकून त्याने ॲक्सिलरेटरखालची मॅट उचलली आणि हसायला लागला.

"काका, हा बोल्ट कोणी लावला?"

मी वाकून पाहिलं. फरशीच्या पत्र्यावर एक नट वेल्ड केलेला, त्यात उभा बोल्ट, वर रबराची टोपी. पेडल अर्ध्यावर आलं की त्या टोपीवर टेकायचं. चौदा वर्षं मी तोच तळ समजून पाय दाबत होतो.

वेल्डिंग सुरेख होतं. नाण्यांची चळत आडवी पाडावी तसे एकसारखे टाके. असं वेल्डिंग करणारा माणूस आमच्या कंपनीत एकच होता. मी मान वर केली, तर तो पलीकडच्या पंक्चरच्या दुकानात हवा किती भरतात ते बघत होता.

"धर्म्या!"

"वहिनीनं शपथ घातली हुती," तो तिथूनच ओरडला. "कांद्याच्या वाफ्यात गाडी घातलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली हुती."

त्या दिवशी इंदोरीजवळ मी एका टेम्पोशी शर्यत लावली होती. शालनचं मनगट मोडलं. मला खरचटलंही नव्हतं.

धर्माजी जवळ आला. "मी म्हनलं, वहिनी, त्याला कळंल. तर म्हनली, त्यांचं डोकं कायम मागं इंजिनात. पुढं पायाशी काय हाय, ते कशाला बघत्यात!"

"आणि तुला काय मिळालं?"

"दर होळीला पाच पुरनपोळ्या," तो म्हणाला. "यंदा न्हाई आल्या."

गणराजने बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत.

चौदा तारखेला विधी आटोपल्यावर आम्ही दोघे निघालो. शेवटचा चढ आला. मी पाय दाबला, आणि तो खाली जातच राहिला. भुंगा असा उसळला की धर्माजीने डॅशबोर्डवरचं हँडल धरलं. "आरं हळू! वहिनीचं बरुबर हुतं!"

न थांबता वर पोचलो. इंजिन बंद केलं. दगड धर्माजीच्या पायाशी तसाच होता. मी सवयीने खालच्या वळणाकडे बघत बसलो. दहा मिनिटं झाली.

परतताना इंदोरीच्या सरळ रस्त्याला काटा नव्वदवर गेला. पुढे एक टेम्पो होता, आणि माझा पाय त्याच्या मागे निघालाच होता. मी गाडी कडेला घेतली. खिशातून बोल्ट काढला, डिकीतून पाना घेतला आणि मॅट उचलली.

"परत लावतोस व्हय?" धर्माजी म्हणाला.

"लावतो. पण दोन आटे खाली."

"वहिनीला चाललं असतं?"

"नसतं. भांडलो असतो," मी म्हणालो, आणि पाना आवळला.

घरी अपेक्षाने विचारलं, "कुठलं इंजिन घेतलं शेवटी?"

"जुनंच," मी म्हणालो. "तुझ्या आईने राखून ठेवलं होतं."