शेताची साल

त्या सकाळी वहीबा चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती आणि तिची लेक बदरिया कापसाच्या पऱ्हाट्या आत सारत होती. तेवढ्यात अब्दुल-मुअती शेतावरून आला आणि चिखलाचे पाय न धुताच उंबऱ्यावर बसला.

"वीटभट्टीवाल्या हाजी मितवल्लीचा माणूस गुरुवारी येतोय, शेत मोजायला," तो म्हणाला.

वहीबाचा हात थांबला. "माती किती खोल काढणार?"

"मीटरभर म्हणतो. मी म्हटलं, गुडघ्याएवढीच काढ."

"जेवायला बसलेला माणूस अर्ध्यावर उठतो होय!"

"मग तू सांग, लेकीला रिकाम्या हातानं पाठवायची का?"

वहीबानं पुढची भाकरी थापायला घेतली. लेकीला रिकाम्या हातानं पाठवायची हिंमत कफर नबक गावात कुणाकडेच नव्हती. पूर्वी विटा व्हायच्या त्या कालव्यांतून उपसलेल्या गाळाच्या. नदीवर मोठं धरण झालं, गाळ तिथंच अडला आणि वीटभट्टीवाल्यांची नजर शेतांकडे वळली. तेव्हापासून मुलीचं लग्न ठरलं की शेताची वरची काळी माती, शेताची साल, भट्टीला विकायची आणि रुखवत उभं करायचं, हा रिवाजच होऊन बसला. ज्याची मुलगी साध्या भांड्यांवर सासरी गेली, त्याला चहाच्या दुकानात मान वर करता येईना.

बदरियाचे थोरले चुलते झकी यांनी दोन वर्षांपूर्वी आपल्या मुलीच्या, हमदियाच्या लग्नात हेच केलं होतं. आता त्यांच्या शेतात पाणी साचून राहतं आणि आटलं की वर पांढरं मीठ फुलतं. बरसीमचा चारा उगवेना म्हणून म्हैस विकली. हमदियाच्या सासरी फ्रीज आहे. माहेरून त्यात ठेवायला जाणारं लोणी मात्र बंद झालं. झकीकाका आता हाजीच्याच भट्टीवर विटा वाहतात.

हे सगळं बदरिया रोज पाहत होती. गावच्या शेतकी सोसायटीत ती सुहैरबाईंच्या हाताखाली अर्ज लिहायचं काम करी. सुहैरबाई सरकारी शेती अधिकारी. खरवडलेल्या शेतांबद्दल त्यांनी पाच अहवाल पाठवले होते. पाचही वेळा एकच उत्तर आलं, 'विचाराधीन'.

बुधवारी नवऱ्या मुलाची आई सकीना यादी घेऊन आली. मुलगा शौकी चहाच्या पेल्यात बघत बसला.

"फ्रीज, कपडे धुवायचं यंत्र, दोन खोल्यांचं सामान," सकीना वाचू लागली. "आणि तांब्याची भांडी तुमच्या मानाप्रमाणे. आम्ही काही मागत नाही हो, लोक विचारतात म्हणून सांगते."

"फ्रीज नको," बदरिया म्हणाली.

"काय म्हणालीस गं?"

"फ्रीज नको, यंत्र नको. मी दोन हातांनी कपडे धुते, मावशी. बाबांचं शेत खरवडून मला काही नको."

"बदरिया!" अब्दुल-मुअती ओरडला.

"बाबा, मी सासरी जाईन. तुम्ही आणि आई काय खाल? मीठ?"

सकीनानं यादीची घडी घातली. "पोरीला फार लिहायला शिकवलंत तुम्ही." शौकीनं एकदाच वर पाहिलं, ओठ हलवले आणि आईच्या मागोमाग उठला. आठ दिवसांत सोयरीक मोडली.

वाचकहो, गोष्ट इथं संपली असती तर एका धीट मुलीची गोष्ट म्हणून आपण ती वाचली असती आणि विसरलो असतो. पण माती अशी बांध पाहून थांबत नाही. हाजीचा माणूस गुरुवारी आलाच. अब्दुल-मुअतीनं लेकीखातर नको म्हटलं, तसा तो दारावरून पुढे गेला आणि त्या शेताच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी बोलणी करून परतला. त्यांच्याही मुली लग्नाच्या होत्या. महिनाभर माती काढायचं यंत्र घरघरत राहिलं. मधलं शेत ओट्यासारखं एकटं उंच उरलं. त्यातलं पाणी दोन्हीकडे झिरपून जाऊ लागलं, कडा सुटू लागल्या. हिवाळ्यात एका सकाळी गव्हाच्या तीन ओळी मातीसकट शेजारच्या खड्ड्यात उतरल्या.

अब्दुल-मुअती कित्येक आठवडे लेकीशी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "नाही म्हणालीस ना? बघ, तुझं ते 'नाही' ढासळतंय."

बदरिया सोसायटीत जाऊन रडली. सुहैरबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "एकटीचं 'नाही' पुरत नाही, बाळ. सगळ्या गावांचं मिळून एकच 'नाही' हवं. कायद्यात, शिक्क्यासकट. सोमवारी नव्या कायद्याच्या मसुद्याची समिती जिल्ह्याला बसतेय. येशील?"

ती गेली. सोबत झकीकाकाही गेले; का, ते त्यांनी सांगितलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी मसुदा वाचला: परवाना घेऊन अर्ध्या मीटरपर्यंत माती काढता येईल, जास्त काढल्यास दंड.

बदरियानं टेबलावर बरसीमाच्या दोन पेंढ्या ठेवल्या. एक हिरवीगार, हातभर. दुसरी बोटभर, पिवळी. "ही आमच्या शेतातली. ही शेजारची, साहेब. तिथं माती अर्धा मीटरच काढलीय."

"आणि दंड हाजीसाहेब विटेच्या भावात वसूल करतील," सुहैरबाई म्हणाल्या. "बंदीच हवी. भट्ट्यांना वाळवंटाकडची चिकणमाती वापरायला मुदत द्या."

हाजी मितवल्ली पहिल्याच रांगेत होता. "माझ्या भट्टीवर दोनशे माणसं आहेत. तोवर ती काय खातील? या कचेरीच्या भिंती काय आभाळातून पडल्या?"

तेव्हा मागून झकीकाका उठले. "त्या दोनशेंतला मी एक, साहेब. माझ्या शेताच्या विटा मीच पाठीवर वाहिल्या. पोट भरतंय, खोटं कशाला बोलू. पण माझ्या नातवाला वाहायला दुसरं शेत कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून त्यांना घरी परत पाठवलं; काम गेलं.

कायदा व्हायला चौदा महिने लागले. तेवढ्यात कफर नबकातली आणखी अकरा शेतं खाली गेली; बंदीची बातमी फुटल्यावर तर यंत्रं घाईनं चालली. अखेर सोसायटीच्या दारावर नोटीस लागली. लोक जमले. अब्दुल-मुअती लेकीला म्हणाला, "तूच वाच." तिनं खणखणीत आवाजात वाचलं: शेतीची माती काढणं, विकणं, विकत घेणं, सगळं बंद, मोडेल त्याला तुरुंग, आणि भट्टीला टाळं.

झकीकाका भिंतीला टेकून ऐकत होते. "पोरी, गेलेली माती परत आणायचं काही लिहिलंय का त्यात?"

बदरियानं कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. "नाही, काका."

ते भिंत सोडून ताठ उभे राहिले. मग गर्दीकडे हात करून म्हणाले, "मग पुन्हा वाच. मागच्यांना ऐकू गेलं नाही."