कुवेतच्या थर्मासात कारळ्याचं तेल

मी एक थर्मास बोलतोय. महाडच्या सलीमाबाईंच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी माझी जागा. चांगला स्टीलचा थर्मास आणि त्यात तेल कसं काय, असं नवा पाहुणा हमखास विचारतो. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगून टाकावं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते कुवेतचं दुकान. तिथून मला सलीमाबाईंच्या यजमानांनी, नासिर यांनी, विकत घेतलं. ते तेलाच्या कंपनीत पाण्याचा टँकर चालवायचे. तिकडे नजर जाईल तिथवर सपाट जमीन, झाड म्हणून नाही, आणि तेल निघतं ते जमिनीखालून. त्यांच्या खोलीत पोलादपूर तालुक्यातला दत्ताराम राहायचा, कापडे गावाच्या वरच्या वाडीतला. महाड आणि पोलादपूर एकमेकांना लागून, पण या दोघांची ओळख झाली ती समुद्रापलीकडे.

१९९६ साली नासिर रजेवर घरी आले आणि मी सलीमाबाईंच्या हाती पडलो. त्यांची नशरा तेव्हा आठ महिन्यांची होती. त्या पावसाळ्यात तिला जुलाब झाले होते, दोन दिवस सलाइन लावावं लागलं. आईलाही ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरांनी सांगितलं, डब्याचं दूध द्या आणि पाणी वीस मिनिटं उकळून घ्या. तेव्हापासून साध्या पाण्यावर सलीमाबाईंचा विश्वासच उरला नाही. मी आलो आणि त्यांना जरा धीर आला. रोज सकाळी पाणी उकळायचं, माझ्यात भरायचं, बूच घट्ट लावायचं. लावलेलं बूच पुन्हा एकदा बघायचं. मग आणखी एकदा.

दत्तारामने आईवडलांसाठी एक कॅसेट भरून दिली होती. ती पोचवायला डिसेंबरात आम्ही निघालो. मुलीला कुणाकडे ठेवायला सलीमाबाई तयार नव्हत्या, म्हणून तीही बरोबर. एस.टी.ने कापड्यापर्यंत आणि पुढे तासभर चढण.

वर पोचलो आणि मी बघतच राहिलो. कुवेतसारखाच सपाट माळ, पण गुडघाभर पिवळं गवत आणि त्यात गुरंच गुरं. सगळीकडून घंटा वाजत होत्या. माळाच्या कडेला दत्तारामच्या वडलांचा, भागोजींचा, लाकडी घाणा. डोळे बांधलेला बैल गोल फिरत होता आणि कारळ्यातून तेल निथळत होतं. उरलेली पेंड गुरांना. बैल घाण्याला पोसतो आणि घाणा गुरांना पोसतो, असं भागोजींनी नासिरना समजावलं. जमिनीच्या वरही तेल निघतं हे मला तेव्हाच कळलं.

नशराला दुपारची बाटली पाजून सलीमाबाईंनी मला पडवीत ठेवलं. उरलेलं पाणी चारच्या बाटलीसाठी. नासिर यांनी पिशवीतून छोटा टेप काढला. वाडी गोळा झाली. दत्तारामचा आवाज आला, "आये, बरी हायस ना? इथं जमिनीतलं तेल लय हाय, पण भाकरीवर घ्यायला एक थेंब नाय. नासिरभाईंच्या हाती आपल्या घाण्याचं तेल दे."

"देते रे बाबा," त्याची आई, रखमाबाई, टेपला म्हणाल्या.

त्याला ऐकू जात नाही, असं भागोजींनी सांगून पाहिलं. रखमाबाई डोळे पुसत उठल्याच होत्या.

त्या घरची एक रीत होती. ताज्या घाण्याचं पहिलं तेल विकायचं नाही. दारी आलेल्याच्या भांड्यात ओतायचं, आणि तेही न विचारता. विचारून दिलं तर ते देणं कसलं? पडवीत भांडं होतं एकच, ते मी. त्यांनी माझं बूच काढलं, पाणी केळीच्या बुंध्याला ओतलं, मला आतून धडप्याने पुसलं आणि गळ्यापर्यंत तेल भरलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हा थर्मासांना तोंड असून काय उपयोग.

चारला नशरा उठली. सलीमाबाईंनी बाटलीत मोजून पावडर घातली आणि मला वाकडं केलं. पाण्याऐवजी तेलाची जाड धार.

"मावशी, यातलं पाणी कुठंय?"

"ओतलं गो. तुझ्या भांड्यात तेल दिलंय."

सलीमाबाईंनी बाटली खाली ठेवली आणि नशराला उचलून घेतलं. इकडे मुलीने भुकेने घर डोक्यावर घेतलं. रखमाबाईंचा चेहरा पडला. झऱ्याचं पाणी आहे, चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. सलीमाबाईंनी मान हलवली. उकळलेलंच हवं, वीस मिनिटं.

"आमची पाच पोरं ह्याच पाण्यावर वाढली," भागोजी पुटपुटले.

"तिची एकच हाय. तुमी गप ऱ्हावा," रखमाबाई म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं.

चुलीत जाळ झाला. नासिर मनगटावरच्या घड्याळात बघत उभे. बारा मिनिटांनी ते म्हणाले की झालं असेल आता. सलीमाबाई म्हणाल्या, अजून आठ. मुलगी रडून रडून लाल झाली, पण आठ म्हणजे आठ. मग रखमाबाई पाणी निववायला फुंकर मारू लागल्या तर सलीमाबाईंनी तेही नको म्हटलं.

"फुंकर पन उकळून घालू काय गो?"

आणि सलीमाबाईंनाच हसू फुटलं. पावसाळ्यानंतर त्या पहिल्यांदा अशा हसल्या, असं नासिर मागाहून सांगायचे. नशराने बाटली संपवली आणि रखमाबाईंच्या मांडीवर झोपून गेली.

घरी आल्यावर दोन दिवस सलीमाबाईंनी तिचा एकेक लंगोट तपासला. काही झालं नाही. माझं तेल बाटल्यांत भरून कुवेतला गेलं. मला साबण, सोडा, चिंच सगळं लावून झालं, पण बुचाच्या रबरातला वास जाईना. पाण्याची नोकरी गेली, तेलाची लागली.

चार वर्षांनी नशराच्या धाकट्या भावाचा, शोएबचा, जन्म झाला. तो सहा महिन्यांचा असताना आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. मी तेलासाठी, आणि पाण्यासाठी एक नवा थर्मास. पिशवीतून डोकावणाऱ्या नव्या थर्मासाकडे बघून रखमाबाई दारातच म्हणाल्या, "ह्याला हात लावनार नाय, भिऊ नको." आणि त्यांनी झाकलेलं पातेलं दाखवलं. "दत्तूनं घड्याळ धाडलंय भिंतीवरचं. पानी खळखळाया लागलं तवा मोठा काटा चारावर होता. आठावर गेला, मग उतरवलं."

चारावरून आठावर, म्हणजे पुरती वीस मिनिटं. सलीमाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. नवा थर्मास पिशवीतच राहू दिला आणि शोएबची बाटली रखमाबाईंच्या पाण्याने भरली.

आता मला दोन पोचे आहेत आणि चकाकी गेली आहे. तक्रार काही नाही. तुमच्याकडे एक मागणं मात्र आहे. तुमच्या दारी एखादी आई आली आणि पाणी किती वेळ उकळलं असं तिने विचारलं, तर रागावू नका. मोठा काटा कुठून कुठे गेला, तेवढं तिला सांगा.