उन्हात तापलेलं घुमट

घुमटाचं कातडं अजून गरम होतं, लुगड्याच्या तुकड्यातूनही आनंदीबाईंच्या पोटाला लागत होतं... वाजवायचं मातीचं भांडं, एका तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं. उघड्यावर डावा तळवा दाबला की नाद आत कोंडतो, उचलला की मोकळा होतो, हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. गणपतीची चवथ जवळ आली की हळर्ण गावच्या अंगणांत घुमटं तापत. यशवंताचं, त्यांच्या भावाचं, घुमट त्या स्वतः उन्हात ठेवत. पण थाप मारायला हात पुढे केला की वडील म्हणत, "बायलमनशेन घुमट फकत उनात दवरचा." बाईनं नुसतं उन्हात ठेवायचं, वाजवायचं नाही.

आणि आता नात वाजवते म्हणे. देवळात तालमीला गेली आणि घुमट अंगणातच विसरली, म्हणून त्या देवळाकडे निघालेल्या. वाजवते, पण बोलत नाही. आठ वर्षांची गौरवी, दोन वर्षं घराबाहेर तोंडातून शब्द नाही, घरातही हळूच. शाळेतल्या बाईंनी विचारावं, दुकानदारानं विचारावं, उत्तर आनंदीबाईंनी द्यायचं. बिचारीला त्रास नको... पणजी शहरातली डॉक्टरीण म्हणाली, वाद्य शिकवा, मुलांत बसवा. औषध नाहीच! येताना बसमध्ये आनंदीबाई सुनेला म्हणाल्या होत्या, माणसं थकली, आता मातीचं मडकं बोलतं करणार हिला.

देवळाच्या पायरीवर त्या थबकल्या. आत कुणीतरी तीन थापा टाकून थांबलं; पलीकडून कुणीतरी त्याच थापा उलट्या करून परत दिल्या; मग हशा, आणि —

"रे साईश, घुमट वाजयतंस काय भाकरी थापतंस?"

"तू गप गे! तुझा घुमट घराक निजला, सुविधाचा घेऊन बसलंस!"

"घुमट निजला, मी जागी आसंय!"

गौरवी! खडा, चढा आवाज... आणि वाक्य तर माझंच. चुलीपाशी सुनेला मी म्हणते ते — भाकरी थापतंस काय घुमट वाजयतंस — नुसतं उलटं करून. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हा आवाज इतके दिवस कुठे होता? माझ्याच घरात? माझ्याच शेजारी, पानावर बसून?

त्या आत गेल्या. गौरवीनं पाहिलं. तिचा डावा तळवा घुमटाच्या उघड्या तोंडावर गच्च बसला, ओठही मिटले. आत्ता बोलत होती — आणि मी आले.

"गौरवी, कोण आयली गे?" शिकवणाऱ्या श्रीनाथनं विचारलं.

मी तिची आजी... जिभेवर आलं, सवयीनं, अख्खं वाक्य. आनंदीबाईंनी ते दातांत धरलं. गौरवी श्रीनाथकडे बघतच नव्हती; नेहमीसारखी आजीकडे बघत होती, उत्तर येईल म्हणून. साईश, सुविधा, सगळी मुलंही थांबली.

आनंदीबाईंनी खाली पाहिलं. लुगड्यातल्या घुमटाच्या उघड्या तोंडावर त्यांचा स्वतःचा तळवा दाबून बसलेला... केव्हापासून, कुणास ठाऊक. त्यांनी एक बोट उचललं. मग दुसरं. आतली गरम हवा तळव्याला लागली. उत्तर आता तिचं — मी नाही देणार.