चर्चचा कर

शनिवारी सकाळी माझी नणंद वाल्बुर्गा आमच्या बेकरीत आली ती भांडायलाच. जर्मनीतल्या बव्हेरियात आमची ही बेकरी, आणि आमचे कराचे कागद तीच बघते.

"दादा, चर्चमधून नाव काढून आलास?" तिने माझ्या नवऱ्याला, कोर्बिनियनला विचारलं.

"नाव असलं की आयकरासोबत चर्चचाही कर कापतात. तो कोण भरणार? वाचेल तेवढं वाचव, असं तूच सांगतेस."

"मी भट्टीचा घसारा दाखवायला सांगितला. या अफ्रावहिनीला रीतसर पगार द्यायला सांगितलं. देवाला वजा करायला नाही सांगितलं. आणि शहाण्या, तो कर उत्पन्नातून वजा होतोच. तुला वाटतं तेवढं वाचत नाही."

"वाचेल ते माझं. पाद्रीबुवा काही पीठ मळायला येत नाहीत."

गिऱ्हाइकं पाव निरखायचं सोंग करत उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याच पाद्रीबुवांनी सांगितलं," वाल्बुर्गा म्हणाली, "नाव काढलेल्या माणसाला धर्मपिता होता येत नाही. उद्या माझ्या लेकीचा बाप्तिस्मा आहे, आणि तिचा धर्मपिता तू होणार होतास."

कोर्बिनियनचा चेहरा उतरला. भाचीसाठी चांदीची साखळी त्याने कधीच आणून ठेवली होती.

"सोमवारी परत नाव घालतो. थोडं थांब."

"आणि बाप्तिस्मा उरकला की पुन्हा काढशील. मी ज़ेवेरिनला विचारलंय."

ज़ेवेरिन म्हणजे पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला.

"मग पावही त्याच्याकडूनच घे," म्हणत कोर्बिनियनने तिच्यासाठी भरून ठेवलेली पावाची पिशवी आत ओढली. ती रिकाम्या हाताने निघून गेली.

मी एप्रनला हात पुसले. "उद्या मी चर्चमध्ये जाणार, बाळासाठी स्तोत्रही गाणार," मी त्याला सांगितलं. "माझं नाव अजून आहे तिथं."