नानांचा रिलीव्हर

एक लाल झेंडी, एक हिरवी, एक हातदिवा.

नाकातून नळी घालायची तर घरच्यांची सही लागते.

मुगाची खिचडी, पातळ, तिसऱ्यांदा गरम केलेली.

केबिनमध्ये बाहेरच्यांना मज्जाव आहे. घरच्यांनाही.

भुसावळ, १९९१. भिकन सपकाळे, म्हणजे नाना, यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं रुळांचे सांधे बदलले. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, अर्धांगाचा झटका आला आणि नाना पुन्हा ड्यूटीवर गेले, खाटेवरच. तीन दिवस पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, मग नळी.

"नाना, मी लिला. तुमची लेक. एक घास घ्या."

"लिला, तू घर जाय. आठे, केबिनमा, घरनं मानूस चालत नही."

गुरुवारी सातपुड्याकडच्या पाड्यावरून सुगंधाबाई कामाला आली. नानांनी तिला नीट पाहिलं.

"कोन शे? रिलीव्हर?"

म्हणजे ड्यूटी बदलायला येणारा. सुगंधाबाईला तो शब्द माहीत नव्हता. म्हातारा माणूस विचारतोय तर हो म्हणावं, एवढंच.

"हो नाना."

"मंग उशीर का कया?"

त्यांनी चालत्या हाताने पंचा गुंडाळून तिच्याकडे सरकवला. "झेंड्या. मोजी ले."

"घेतल्या."

नाना उशीला टेकले. तोंड उघडलं. ड्यूटी रिलीव्हरच्या ताब्यात दिल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा त्यांचा जुना नेम, लिलाला तेव्हा आठवला.

अडीच महिने असंच. दोन वेळा पंचा, दोन वेळा खिचडी. मग एका सकाळी नाना म्हणाले,

"सुगंधा, तुन्ही पोर बरी शे का?"

त्या दिवशी पंचा सरकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"ओळखलं मला," सुगंधाबाई ओट्यापाशी म्हणाली. "ताई, मी घरची झाली. आता माझ्या हातनं नाही खायचे."

"मग?"

"माझी जाऊ येईल, दिवाली. तिची ओळख करून देऊ नका. नावही सांगू नका."

सोमवारी दिवालीबाई दारातून आत आली, तेव्हा लिला मोरीत जाऊन उभी राहिली.

"रिलीव्हर?"

"हो नाना."

पंचा सरकला. मग वाटीवर चमचा वाजला.

सुगंधाबाईने रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती त्या गुरुवारी, या घरी येताना, पुलावरून.