दुसरी वायर

वाल्मीकनानांनी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक ओल्या स्पंजवर पुसलं आणि मान वर न करता म्हणाले,

"शून्य लिहा."

"नाना, हजारात शून्य?" उज्वलाने मांडीवरचा लॅपटॉप सावरला. "हजार जोडांत एकही कच्चा निघत नाही?"

"बावीस वर्षं झाली या स्टुलावर. विचारा कोनालाबी."

पलीकडच्या टेबलावरून छाया हसली. "मॅडम, तुम्ही सासूला विचारताय, तुमच्या किती पोळ्या करपतात."

"तू तुझं पॅनेल बघ, पोरी."

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये बाकी सगळे कारखान्यांची पॅनेलं जोडत. एका छोट्या उपग्रहाच्या वायरिंगचं काम दोन हजार चार साली नुकतंच आलं होतं, ते मालकांनी कुणाला न विचारता नानांपुढे ठेवलं. तेव्हापासून नाना चहासुद्धा जरा ताठ बसून पीत.

उज्वलाचा प्रोग्रॅम त्याच उपग्रहासाठी होता. कुठली वस्तू किती वेळा दगा देईल आणि तिचं वजन किती, हे त्याला सांगायचं. कुठे जोडीला दुसरी ठेवावी आणि कुठे वजन वाचवावं, हे तो सांगे. दग्याचा आकडा मात्र ज्याच्या हाताखालून ती वस्तू जाते त्यालाच विचारायचा, हा नियम तिचा.

तिने शून्य भरला. पडद्यावरची एक रेघ पुसली गेली.

नाना डोकावले. "काय गेलं?"

"बॅटरीच्या हीटरची दुसरी वायर. पहिली सुटली तर असावी म्हणून होती. तुमचा जोड सुटतच नाही, तर तिचं वजन कशाला न्यायचं? तेवढं कॅमेऱ्याला मिळेल."

"आन् सुटलाच तर? वर दुरुस्तीला कोन जातं?"

"कोणी नाही."

"कोनीच?"

"कोणीच नाही. हीटर बंद पडला की बॅटरी थंडीने जाते. मग सगळंच संपलं." बसची वेळ सांगावी तशी ती बोलली.

नानांनी आयर्न स्टँडवर ठेवलं. शेडमधून गेलेलं पॅनेल कधी परत आलंच, तर नाना ते मांडीवर घेत, चहा निवायच्या आत जोड पक्का करून देत. दुरुस्त झालेला जोड त्यांनी कधी कच्च्यात धरलाच नव्हता.

"चार लिहा," ते हळूच म्हणाले.

छायाचं हसू थांबलं. उज्वलाने चार भरला. रेघ परत आली, खालचा चौकोन हिरवा झाला.

"झालं नाना. दोन्ही वायरी सुटायच्या म्हणजे लाखात दोनदासुद्धा नाही."

नाना हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले.

"दुसरी कोन जोडनार?"

"तुम्हीच की."

"त्याच बैठकीला?"

"हो. एकामागून एक."

त्यांनी उजवा हात टेबलावर पसरला आणि तापातल्या लेकराकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"मॅडम, दिवाळीपासून हा एखाद्या दिवशी ऐकत नाय. थरथरतो. ज्या दिवशी पहिली कच्ची, त्या दिवशी दुसरीबी कच्चीच. तुमच्या मशीनला दोन दिसत्यात. खरं तर ती एकच हाय."

उज्वलाने पडद्यावरचं गणित पुन्हा पाहिलं. प्रोग्रॅम दोन्ही वायरींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरून हजारातल्या चाराला हजारातल्या चाराने गुणत होता. हात कुणाचा, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"नाना, हे मी लिहिलं तर मालक वाचतील. मग हे काम तुमच्याकडे..."

"लिहा."

तिने लिहिलं. लिहिताना एकदाही वर पाहिलं नाही.

"छाया, इकडं ये."

"मी? अहो नाना, पॅनेल अर्धं..."

"राहू दे. ही दुसरी वायर तुझी."

छायाने ओढणीला हात पुसले. सोल्डर धरायला तिला नानांनीच शिकवलं होतं. सवयीने ती त्यांच्या खांद्यापाशी येऊन उभी राहिली, ते कसं करतात ते पाहायला. नानांनी स्टूल फिरवलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"माझ्याकडं बघू नको," ते म्हणाले. "माझ्यासारखी जोडू नको. तुझी तू जोड."